दुधाच्या पिशवीचा कोपरा

महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा वाईच्या घाटांवरून वाहत संगम माहुलीस वेण्णेला व कऱ्हाडास कोयनेला पोटात घेते आणि मग सांगलीस पोहोचते. साताऱ्याने टाकावे आणि सांगलीने झेलावे, असा हा भूगोल आहे. पूर ओसरला की काठच्या झाडांच्या फांद्यांना चिंध्यांप्रमाणे लोंबणाऱ्या पिशव्या कृष्णाकाठच्या माणसाला नव्या नाहीत. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांपर्यंत चढले. तो प्रलय प्लास्टिकने आणला, असे म्हणणे अर्थातच खुळेपणाचे ठरेल. पाऊस, धरणांचे विसर्ग आणि पूररेषेतील बांधकामे यांचा तो हिशेब आहे. तथापि गटारे व नाले तुंबविण्याचे काम पिशवी इमानाने करते, आणि ते तुंबायला महापूर लागत नाही. वळवाची एक सर पुरते.

कायद्याची उणीव आहे, असेही नाही. २३ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्र शासनाने बंदीची अधिसूचना काढली आणि २३ जूनपासून दंडाची कारवाई सुरू झाली. पहिल्या गुन्ह्यास ५,००० रुपये, दुसऱ्यास १०,०००, तिसऱ्यास २५,००० आणि शिवाय तीन महिन्यांचा कारावास! १ जुलै २०२२ पासून केंद्र सरकारनेही एकदाच वापरून फेकावयाच्या वस्तूंची यादी करून त्या निषिद्ध ठरविल्या. या यादीत मिठाईच्या खोक्यावर गुंडाळावयाचे पारदर्शक वेष्टनसुद्धा आहे. साताऱ्याच्या कंदी पेढ्यापर्यंत कायद्याचा हात पोहोचला तो असा. ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनहून पातळ पिशवी देशभर बंद झाली.

परंतु दुकानाच्या फळीवर अडविलेले प्लास्टिक वेष्टनाच्या रूपाने घरात शिरते. साखर, डाळ, तेल, बिस्किटे, सांगलीचे भडंग, सारे हवाबंद पाकिटात. कापडाची म्हणून हाती येणारी पिशवीही पुष्कळदा पॉलिप्रॉपिलीनचीच असते. चार दिवसांत तिचे बंद तुटतात. एकेकाळी रतिबाचा गवळी मापाने दूध घाली, तेलाला किटली जाई, आणि वाण्याकडची पुडी दोऱ्याने बांधलेली असे. ती पुडी सोडवली की कागद बंबात आणि दोरा रिळाला. त्या दिवसांचे गोडवे गाण्याचे मात्र कारण नाही. ती सारी काटकसर घरातल्या बाईच्या श्रमावर उभी होती. जुन्या लुगड्याची पिशवी तीच शिवी, किटली तीच घाशी, पाट्यावर मसाला तीच वाटी. आज शाळा-कचेरी करून संध्याकाळी साडेसहाला घरी परतणाऱ्या शिक्षिकेला 'पूर्वी असे नव्हते' हे ऐकविणे सोपे आहे. घरातील प्लास्टिक कमी करावयाचे म्हणजे ते श्रम कोणी उचलावयाचे, हा खरा प्रश्न आहे, आणि पर्यावरणावरील व्याख्यानांत नेमका तोच गाळला जातो.

सगळे प्लास्टिक एका जातीचे नाही, हेही ध्यानी घेतले पाहिजे. दुधाची पिशवी पॉलिथिनची. धुऊन वाळविली तर भंगारवाला ती घेतो आणि तिचा पुन्हा उपयोग होतो. वेफर्सचे चकचकीत पाकीट म्हणजे निरनिराळ्या थरांचा सांधा. ते थर सुटे होत नाहीत, म्हणून त्याला गिऱ्हाईक नाही. एका घरातल्या दोन वस्तूंचे नशीब असे वेगळे! दुधाची पिशवी उघडताना आपण कोपरा कापून टाकतो. पिशवी एखादे वेळी भंगारात जाईलही, पण तो बोटाच्या पेराएवढा तुकडा वेचणार कोण? तो केराबरोबर गटारात जातो. कोपरा पुरता न तोडता नुसती चीर दिली, तर तो पिशवीला लटकून राहतो. इतकी लहान ही गोष्ट आहे, म्हणूनच ती कोणी सांगत नाही. २०१८ च्या अधिसूचनेत रिकामी दुधाची पिशवी निदान ५० पैशांना परत घेण्याची तरतूद होती; घरोघरी ती काही रुजली नाही. दूध संघांना व विक्रेत्यांना त्याचा जाब विचारणे हे गृहिणीला उपदेश करण्यापेक्षा अधिक न्याय्य ठरेल.

जिथे नगरपालिका व नागरिक दोघे आपला वाटा उचलतात, तिथे चित्र पालटते. २०२० च्या स्वच्छ सर्वेक्षणात १ लाखाहून कमी वस्तीच्या शहरांत कऱ्हाड देशात पहिले आले. अर्थात मानांकन म्हणजे नदी नव्हे. सांगलीचा शेरी नाला आणि त्यातून कृष्णेत जाणारे सांडपाणी हे दुखणे तर वर्षानुवर्षांचे आहे.

घरात करण्याजोगे जे आहे ते फार नाही, पण आहे. मंडईत जाताना भाजीची पिशवी, मटण-मासळीसाठी झाकणाचा डबा, सत्यनारायणाला पत्रावळी. संक्रांतीच्या हळदीकुंकवाचे वाण म्हणूनही प्लास्टिकच्या चिमुकल्या डब्या लुटल्या जातात. त्या कपाटात साठतात आणि पुढच्या संक्रांतीला दुसऱ्या घरी जातात. त्याऐवजी कापडी पिशवी लुटण्याची टूम निघाली आहे, ती चांगली आहे. मात्र अशा दहा पिशव्या घरात खुंटीला असूनही कचेरीतून परतताना भाजी आणणाऱ्या गृहस्थाच्या खिशात त्यांतली एकही नसते, आणि दंडाला भिऊन का होईना, भाजीवालीने पिशवी नाकारली की तो तिच्यावरच रागावतो.