फाटकाचा अडसर आणि रायफलीचा बोल्ट

नवी रायफल बांधायची तर बोल्ट ॲक्शन कोणती घ्यावी, हा प्रश्न संपादकांचा. इंदूरजवळ महू, तिथे इन्फंट्री स्कूल आणि आर्मी मार्क्समनशिप युनिट. महूत रायफली दुरुस्त करण्यात हयात घालवलेले एक काका आता इंदूरच्या रामबागेत राहतात. "माउझर की ली-एनफिल्ड?" एवढंच मी विचारलं आणि काका उठून मला फाटकापाशी घेऊन गेले.

लोखंडी अडसर पुढे सारला, दांडा खाली पाडला. "बोल्ट म्हणजे हेच. आता सांगा, धक्का कोण सोसतं?"

सगळा फरक या उत्तरात आहे. बार उडतो तेव्हा काडतुसाची पुंगळी मागे उसळते. तिला बोल्ट थोपवतो आणि बोल्टला त्याच्या अंगावरचे जाड कंगोरे, म्हणजे लग. पॉल माउझरने १८९८च्या रायफलीत दोन लग अगदी पुढे, नळीला लागून ठेवले. तिसरा मागे, निव्वळ खबरदारीचा. जेम्स पॅरिस लीने ते मागच्या बाजूला ठेवले. त्यामुळे धक्क्याने लीचा बोल्ट किंचित दबतो, पुंगळी ताणली जाते. पण हाताला वेग मिळतो. माउझरचा दांडा ९० अंश वळवावा लागतो, लीचा सुमारे ६०. माउझरचा पोलादी पंजा मात्र मॅगझिनमधून वर येणाऱ्या काडतुसाला जो धरतो, तो बाहेर फेकेपर्यंत सोडत नाही.

काकांचा जीव लीच्या बोल्टच्या डोक्यात. ते वेगळं असतं, आट्यांवर बसतं. बंद बोल्टपुढे काडतुसाला मिळणारी जागा, म्हणजे हेडस्पेस, झिजून वाढली की नंबर ४ रायफलीत ० ते ३ पैकी पुढच्या आकड्याचं डोकं बसवायचं. दोन डोक्यांत फरक किती? काकांनी वर्तमानपत्राचा कोपरा चिमटीत धरला. "एवढा." माउझरमध्ये त्यासाठी बहुधा नळीच उतरवावी लागते.

बांधायला माउझर, सांभाळायला ली, हा त्यांचा निकाल मला पटला.

पण बांधणार कोण? १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय बंदूक बनवणं, बदलणं, दुरुस्त करणंसुद्धा गुन्हा आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षं, कमाल जन्मठेप. शिवाय लीची .३०३ बोअर लष्करी, म्हणून सामान्य परवानाधारकाला वर्ज्य. त्याच्यासाठी सरकारी कारखान्याने लीच्याच ढाच्यावर .३१५ काढली. इच्छापूरच्या कारखान्याने तर १९६०च्या दशकात, पोलाद सुधारून, त्याच ढाच्यातून ७.६२ मिमीची रायफल उभी केली. हे आपल्याकडे जमत होतं. आज नेमबाजीच्या मैदानावर वरच्या फळीतल्या हातांत जर्मन आणि स्विस रायफली दिसतात. कायदा कडक असावाच, पण काकांसारख्यांच्या बोटांतलं ज्ञान पुढे कोणाच्या हाती जाणार, याची मला काळजी वाटते.

निघताना काकांनी एक निरोप दिला, तो तसाच पोचवतो. घरात आजोबांच्या परवान्यावरची जुनी रायफल असेल तर बोल्टवरचा आणि रायफलीवरचा नंबर जुळतो का, ते बघा. जुळत नसेल, तर परवानाधारक कारागिराकडून हेडस्पेस तपासून घेतल्याशिवाय तिच्यातून एकही गोळी झाडू नका.