फुटलेला कान आणि वाहते नाक

पावसाळा लागला की कान-नाक-घसा विभागात लहान मुलांची गर्दी वाढते. अशाच एका सकाळी एक आजी नातवाला घेऊन आल्या. मुलगा चौथीत शिकणारा. उजव्या कानात कापसाचा बोळा, शर्टाच्या कॉलरवर पिवळसर डाग. "कान कधीपासून वाहतो?" असे विचारले, तर आजी म्हणाल्या, "दोन वर्सं झाली असत्याल. पर त्याचं काय नाय डाक्टर, याच्या बापाचाबी फुटायचा. मोठा झाला की ऱ्हातंय आपोआप. म्या आणलाय ते साळंसाठी. गुरुजी म्हणत्यात ध्यान देत न्हाई. चार हाका मारल्या तर एक ऐकतो."

आजींना या दोन वेगळ्या गोष्टी वाटत होत्या. प्रत्यक्षात ती एकच होती. मुलाचे लक्ष नव्हते असे नाही, त्याला नीट ऐकूच येत नव्हते.

'मूल आहे, कान फुटायचाच' ही समजूत आपल्याकडे घराघरांत आहे. वाहणारा कान दुखत नाही, त्यामुळे त्याकडे दुर्लक्ष होते. म्हणूनच आज या दुखण्याची माहिती करून घेऊ.

पू येतो कुठून?

कानात पाणी गेले म्हणून कान फुटला, असे बहुतेक पालक सांगतात. हे बरोबर नाही. कानाच्या नळीच्या टोकाला कानाचा पडदा असतो. त्याचा व्यास जेमतेम एक सेंटिमीटर. पडदा शाबूत असेल तर आंघोळीचे पाणी त्याच्या पलीकडे जाऊच शकत नाही. पडद्यामागे हवेने भरलेली एक छोटी पोकळी असते. तिला मध्यकर्ण म्हणतात. हातोडी, ऐरण आणि रिकीब या तीन इवल्याशा हाडांची साखळी येथेच असते व तीच आवाज आतल्या कानाकडे पोचवते.

या मध्यकर्णातून एक नलिका थेट नाकाच्या मागच्या बाजूला उघडते. मोठ्या माणसात ती सुमारे साडेतीन सेंटिमीटर लांब व उतरती असते. लहान मुलात ती आखूड आणि जवळजवळ आडवी असते. त्यामुळे सर्दी झाली की नाकातले जंतू या वाटेने सहज कानात शिरतात. नलिका सुजून बंद होते, आत पू साठतो, पडद्यावर ताण येतो आणि मूल रात्री-अपरात्री कान धरून रडत उठते. शेवटी पडद्याला छिद्र पडून पू बाहेर येतो. त्याबरोबर ठणका थांबतो आणि घरच्यांना वाटते, बरे झाले!

खरी काळजी येथूनच घ्यायची असते. वेळेवर उपचार मिळाले, तर ताजे छिद्र बहुधा काही आठवड्यांत भरून येते. उपचार झाले नाहीत आणि सर्दी वारंवार होत राहिली, तर छिद्र कायमचे राहते. मग मात्र बाहेरचे पाणीही आत जाते आणि प्रत्येक आंघोळीनंतर कान पुन्हा वाहू लागतो.

नाकाकडे पाहा

म्हणजे कान वाहत असला तरी दुखण्याचे मूळ पुष्कळदा नाकात व घशात असते. मूल तोंड उघडे ठेवून झोपते का? घोरते का? नाक सतत चोंदलेले असते का? तसे असेल तर नाकामागच्या टॉन्सिलसारख्या गाठी, म्हणजे ॲडिनॉइड्स, वाढलेल्या असू शकतात. नलिकेचे तोंड त्यांच्या शेजारीच असते. एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल, तर मुलाने आत शेंगदाणा, मणी किंवा खडूचा तुकडा घातला नाही ना, हे डॉक्टरांकडून पाहून घ्यावे. घड्याळातला बटणासारखा सेल नाकात किंवा कानात गेला असेल, तर एक तासही थांबू नये. तो आतला भाग झपाट्याने जाळतो.

घरी काय करावे?

कान कोरडा ठेवणे हा अर्धा उपचार आहे. स्वच्छ, मऊ सुती कापडाचे टोक पिळून वात करावी. ती कानात अलगद ठेवावी, भिजली की काढून दुसरी घ्यावी. वात कोरडी निघेपर्यंत असे करावे. दिवसातून तीन वेळा तरी हे व्हायला हवे. वापरलेली वात टाकून द्यावी व हात साबणाने धुवावेत. कानात बोळा कोंबून ठेवू नये, पू आतच साचतो. फक्त आंघोळीच्या वेळी कापसाला व्हॅसलीन लावून तो कानाच्या तोंडाशी बसवावा व नंतर काढून टाकावा. कान पूर्ण बरा होईपर्यंत विहिरीत किंवा नदीत पोहणे बंद.

नाक शिंकरताना दोन्ही नाकपुड्या दाबून जोर करू नये. एका वेळी एकच नाकपुडी हळू शिंकरायला मुलांना शिकवावे.

काय करू नये?

लसूण घालून कढवलेले तेल कानात सोडू नये. फुटक्या पडद्यातून ते थेट मध्यकर्णात उतरते. पावसाळी दमट हवेत कानात बुरशी धरते, तेलाने तिला मदतच होते. केसांची पिन, काडी, किल्ली कानात घालू नये. कानातला मळ निसर्गानेच कानाच्या रक्षणासाठी दिला आहे आणि तो आपोआप बाहेर येतो. काडीने तो उलट आत ढकलला जातो. शेजाऱ्याकडचे किंवा मागच्या वर्षीचे थेंबही घालू नयेत. पडद्याला छिद्र असताना काही थेंब आतल्या कानाला कायमचा अपाय करू शकतात.

धोक्याच्या खुणा

सगळेच वाहणारे कान सारखे नसतात. पातळ, भरपूर आणि वास नसलेला पू त्या मानाने कमी धोक्याचा. पू थोडा, पण कुजका वास येणारा असेल, तर आत हाड कुरतडणारा रोग असण्याची शक्यता असते. असा कान औषधाने बरा होत नाही, शस्त्रक्रियाच करावी लागते. कानामागे सूज, तोंड वाकडे होणे, चक्कर, तीव्र डोकेदुखी, तापात उलट्या किंवा गुंगी यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. कानापासून मेंदू फार दूर नाही.

टाळता येईल का?

बऱ्याच अंशी येईल. बाळाला पहिले सहा महिने फक्त अंगावरचे दूध द्यावे. आडवे झोपवून बाटलीने दूध पाजू नये. न्हाऊ घालताना कानात व नाकात तेल सोडू नये. घरात चुलीचा व विडी-सिगारेटचा धूर मुलांच्या नाकात जाणार नाही असे पाहावे. गोवराची लस चुकवू नये. कान फुटण्यास कारण होणाऱ्या जंतूंपैकी न्यूमोकोकस हा एक प्रमुख जंतू. त्याची लस 2021 पासून देशभर सरकारी लसीकरणात मोफत मिळते.

2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्या व सरकारी शाळांतील मुलांची तपासणी होते, त्यात कानही तपासला जातो. पथक शाळेत येईल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये.

त्या मुलाचे काय झाले, हे सांगायला हवे. त्याच्या पडद्याच्या मधोमध छिद्र होते आणि ॲडिनॉइड्सही वाढलेले होते. आजींनी महिनाभर नेमाने वात केली, औषध दिले, तेलाची बाटली बंद केली. कान कोरडा झाला. पुढे छिद्र बुजले नाही, तर त्याच्याच शरीरातील पातळ पटल लावून पडदा दुरुस्त करता येईल. तोपर्यंत त्याला वर्गात पहिल्या बाकावर, चांगला कान शिक्षकांकडे येईल असे बसवावे, अशी चिठ्ठी मी गुरुजींना दिली. पुढच्या खेपेला आजी म्हणाल्या, "आता हाक मारली की 'ओ' देतो. उगाच मारलं वो त्याला."

वाचकहो, आज संध्याकाळी एक करा. मूल अभ्यासात किंवा खेळात नसताना त्याच्या मागे तीन-चार पावलांवर उभे राहा आणि हलक्या आवाजात त्याचे नाव घ्या. एकेक कान बोटाने झाकून दोन्ही बाजूंनी करून पाहा. त्याने वळून पाहिले नाही, तर रागावू नका. त्याला कानाच्या डॉक्टरांकडे न्या.