पौषातला वेग, वैशाखातला ताप

संगणकाच्या प्रोसेसरचा एक वेग ठरलेला असतो. एका सेकंदात त्याने किती ठोके घ्यायचे, तो हा आकडा. कारखान्यात चिपा तपासतात आणि कापसाची प्रत ठरवावी तशी त्यांची प्रत लावतात. हे करताना कंपनी थोडी गुंजाइश राखून ठेवते. ती गुंजाइश वापरून प्रोसेसर ठरलेल्या वेगापुढे पळवायचा, याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात.

१९९८ साली आलेला इंटेलचा ‘सेलेरॉन ३०० ए’ यासाठी गाजला. ३०० मेगाहर्ट्झचा हा प्रोसेसर पुष्कळ हौशी लोकांनी ४५० वर चालवला. स्वस्तात वेग मिळाला, नाद पसरला. पण २००० साली खुद्द इंटेललाच आपला १.१३ गिगाहर्ट्झचा पेंटियम थ्री परत मागवावा लागला. शर्यतीच्या नादात चिप मर्यादेला भिडली होती आणि काही कामांत चुकत होती.

वेग वाढवला की चिपला बहुधा व्होल्टेजही वाढवून द्यावे लागते. विजेचा खर्च वेगाच्या प्रमाणात वाढतो, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. दोन्ही दहा-दहा टक्के वाढवले, तर खर्च सुमारे ३३ टक्के वाढतो. ही सारी वीज शेवटी उष्णता होते.

पंखा चिपला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. खोली १५ अंशांनी तापली की चिपही जवळपास तितकीच तापते. म्हणून घाटावर, बुलडाण्यात निभावलेले यंत्र घाटाखाली मलकापूर-खामगावात निभावेलच असे नाही. पौषात जमलेला हिशेब वैशाखात फसतो. पंख्यावर धूळ बसलेली असली, तर आणखी लवकर.

आजचे प्रोसेसर फार तापले की स्वतःच वेग कमी करतात किंवा बंद पडतात. खरी भीती मुक्या चुकीची आहे. यंत्र चालू दिसते, पण मधलाच एखादा आकडा बदलतो, फाईल बिघडते. वैशाख म्हणजे लग्नसराई. व्हिडिओवाल्याकडे रात्रभर संगणक राबतात. तिथे एका लग्नाचे चित्रण गेले, तर लग्न पुन्हा लावता येत नाही!

दुसरा धोका झिजेचा. जास्त विजेच्या लोंढ्याने चिपमधल्या बारीक तारांतले धातूचे अणू जागचे सरकतात. पुराने काठ खचावा तसे. २०२४ साली इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर अतिरिक्त व्होल्टेजमुळे अस्थिर झाल्याचे कंपनीने मान्य केले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण आपण स्वतः वेग वाढवून चिप बिघडवली, तर वॉरंटी बहुधा हातची जाते.

मग काय करावे? आधी धूळ झाडा. जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी बसवा, मेमरी वाढवा. बऱ्याच कामांत वेगाची तहान तेवढ्याने भागते. तरीही वेग वाढवायचाच असेल, तर परीक्षा ऐन उन्हाळ्यात, भर दुपारी घ्या. आणि ग्राहकाच्या कामाची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवल्याशिवाय त्या बटणाला हात लावू नका.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)