रावेत-पुनावळेच्या टॉवरमध्ये भिंतीला भोक पाडताना

रावेत, पुनावळे, मोशीकडच्या नव्या फ्लॅटमध्ये घरचं जुनं इम्पॅक्ट ड्रिल भिंतीवर नुसतंच किंचाळतंय? ड्रिल बिघडलेलं नाही. इकडचे बरेच टॉवर 'माइव्हान'चे, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेले; आतल्या भिंतीसुद्धा सळईवाल्या काँक्रीटच्या. इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवरून उड्या मारतात. ठोके भरपूर, पण हलके. विटेला पुरतात. रोटरी हॅमरमध्ये पिस्टन कोंडलेल्या हवेच्या जोरावर ठोका देतो, अंगाचा भार टाकावा लागत नाही. त्याला एसडीएस-प्लस बिट लागतं: 10 मिमीचा खाचांचा दांडा, खटकन बसतो, चावीची भानगड नाही.

18 व्होल्टचे ब्रशलेस कॉर्डलेस हॅमरही आता मिळतात. कार्बन बदलायची कटकट नाही, पण बॅटरी-चार्जर धरून किंमत चढते. पडदे आणि गिझरपुरतं काम असेल तर वायरवालाच घ्या, माझं स्पष्ट मत.

भोसरी-चाकणच्या शॉपफ्लोअरवाल्यांनो, कंपनीतलं एचएसएस बिट धातूसाठी. भिंतीला कार्बाइड टोकाचंच. सळई लागली तर रेटू नका, भोक थोडं सरकवा. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली मात्र अजिबात नको, वायरिंगचा पाइप काँक्रीटमध्येच गाडलेला असतो.