अटकपूर्व जामीन आणि फिर्यादी स्त्री

बलात्काराच्या गुन्ह्यातील आरोपीला अटकपूर्व जामीन मिळाला, असे वृत्त आले की सर्वसामान्य वाचक त्याचा अर्थ एकच लावतो : आरोपी सुटला. अर्ज फेटाळला गेला, तर गुन्हा शाबीत झाल्याच्या थाटात चर्चा सुरू होते. वस्तुतः दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. त्या टप्प्यावर न्यायालयासमोर असते ती प्रथम खबर, काही जबाब, फार तर वैद्यकीय अहवाल. एवढ्या सामग्रीवर दोषनिर्णय करावयाचा नसतो. या माणसाला अटकेपासून संरक्षण दिल्यास तपास आणि फिर्यादीची साक्ष अबाधित राहील काय, हा तेथील खरा प्रश्न असतो.

हा अधिकार न्यायालयांना मिळाला तो १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील ४३८ व्या कलमाने. वजनदार माणसे प्रतिस्पर्ध्याला खोट्या खटल्यात गोवून त्याची बेअब्रू करतात, हे विधी आयोगाने दाखवून दिले होते. त्यावरचा हा उपाय. १९८० साली सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने गुरबक्षसिंग सिब्बिया प्रकरणात त्याला उदार अर्थ दिला. गुन्हा गंभीर आहे एवढ्यावरून अर्ज फेटाळू नये, परंतु अटकेची भीती सकारण असावी आणि कोणत्याही गुन्ह्याला लागू पडेल असा सरसकट आदेश देऊ नये, असे त्या निकालाने ठरले. आरोपीचे पूर्वचरित्र, पळून जाण्याची शक्यता, साक्षीदारांवर दडपण येण्याचा संभव, या कसोट्या तेव्हापासून रुळल्या आहेत.

लैंगिक गुन्ह्यांत मात्र यांपैकी शेवटच्या कसोटीचे वजन फार वाढते. चोरीचा मुद्देमाल हस्तगत करता येतो, पण बलात्काराचा प्रमुख पुरावा म्हणजे बहुधा त्या स्त्रीचा शब्द. आरोपी पुष्कळदा अनोळखी नसतो. तो शेजारी असतो, नातलग असतो, कचेरीतला वरिष्ठ किंवा शाळेतला शिक्षक असतो. अशा माणसाला धमकी देण्याचीही गरज पडत नाही. त्याचे रोज दारावरून जाणे पुरेसे होते. म्हणूनच ‘काही जप्त करावयाचे नाही, मग कोठडी कशाला?’ हा वकिलांचा नित्याचा युक्तिवाद अपुरा ठरतो. केरळमधील एका बालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये हेच सांगितले : कोठडीतील चौकशीची आवश्यकता नसणे, एवढेच अटकपूर्व जामिनाचे कारण होऊ शकत नाही.

याची दुसरी बाजूही आहे. दोन सज्ञान व्यक्तींचे दीर्घकालीन संबंध तुटतात आणि लग्नाचे वचन मोडल्याची फिर्याद होते. तेथे वचन मुळातच खोटे होते की पुढे पाळता आले नाही, हा भेद सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली स्पष्ट केला असून, जामिनाच्या अर्जावरही न्यायाधीश पत्रे, संदेश आणि फिर्यादीस झालेला विलंब त्याच दृष्टीने पाहतात. विलंबाबाबत अधिक सावधपणा हवा, कारण लाजेने गप्प बसलेल्या स्त्रीलाही उशीरच होतो.

संसदेने २०१८ साली काही प्रकरणांत हा विवेकच काढून घेतला. सोळा वर्षांखालील मुलीवरील बलात्काराच्या आरोपात अटकपूर्व जामिनाची तरतूद लागू राहिली नाही. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४८२ व्या कलमात ही बंदी कायम असून, सामूहिक बलात्कारात ती अठरा वर्षांखालील मुलींपर्यंत वाढविली आहे. हेतू उघड आणि योग्य आहे. पण ही भिंत केवळ वय विचारते. पंधरा वर्षांच्या मुलीसह पळून गेलेला एकोणीस वर्षांचा मुलगा आणि तिला नासविणारा प्रौढ नातलग, दोघेही तिच्या एकाच बाजूला उभे राहतात.

न्यायाधीशाच्या विवेकाचेही भलतेच रूप कधी दिसते. २०२० साली मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने विनयभंगाच्या एका आरोपीला अटकपूर्व जामीन देताना, त्याने मिठाई घेऊन फिर्यादीच्या घरी जावे आणि तिच्याकडून राखी बांधून घ्यावी, अशी अट घातली. ज्याच्यापासून संरक्षण मागितले त्यालाच भाऊ म्हणून घरात घेण्याची ही सक्ती होती! सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये ती रद्द केली; आरोपीचा फिर्यादीशी संपर्क घडवील अशी अट घालू नये, तडजोड वा विवाह सुचवू नये, तिच्या पोषाखावर वा वर्तनावर शेरे मारू नयेत, असेही बजावले.

हे सारे ठरत असताना ती स्त्री कोठे असते? बालिकांवरील बलात्काराच्या गुन्ह्यांत नियमित जामिनाच्या सुनावणीस फिर्यादी किंवा तिच्या वतीने अधिकृत व्यक्ती हजर असणे कायद्याने बंधनकारक आहे. परंतु तेथे अटकपूर्व जामिनाला आधीच मज्जाव. सज्ञान स्त्रीच्या प्रकरणात, जेथे असा जामीन मिळू शकतो, तेथे ४८२ वे कलम तिच्याबद्दल एक शब्द बोलत नाही. पीडितेला प्रत्येक टप्प्यावर आपले म्हणणे मांडण्याचा अधिकार आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये म्हटले खरे. पण सुनावणीची तारीख तिला कळविणार कोण? सरकारी वकिलाच्या हाती असते ती पोलिसांची कागदपत्रे, आणि तिला झालेला हुकूम कळतो तो कित्येकदा आरोपी पुन्हा गल्लीत दिसू लागल्यावर.