पडद्यावरील चकमक आणि घरातला प्रेक्षक

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री समुद्रमार्गे आलेल्या दहशतवाद्यांनी मुंबईवर जो हल्ला चढविला, तो २९ तारखेच्या सकाळपर्यंत साऱ्या देशाने घरबसल्या पाहिला. बडोद्याचे प्रतापनगर घ्या. पश्चिम रेल्वेच्या वडोदरा विभागाचे कार्यालय येथलेच. आणि बडोद्यातील मराठी घरांचे मुंबईशी नाते गायकवाडी अमदानीपासूनचे. अशा वस्तीतील प्रेक्षकास त्या रात्री हवी होती ती साधी खबर: कोणते स्थानक, कोणती गाडी, आपले माणूस सुखरूप आहे की नाही?

छत्रपती शिवाजी टर्मिनसवर पन्नासांहून अधिक माणसे मारली गेली. ताजमहाल हॉटेलातील बळींपेक्षा ही संख्या मोठी. तरी पडदा व्यापून राहिला तो ताजच्या घुमटाजवळून उठणारा धूर. स्थानकावरील संहार सुमारे तासाभरात आटोपला, हॉटेलांतील झुंज मात्र तीन दिवस चालली, हे त्याचे कारण आहेच. परंतु रेल्वेवर पोट असलेल्यास आपले मरण स्वस्त ठरले असे वाटले, तर तो केवळ हळवेपणा नव्हे. त्याच स्थानकावर विष्णू झेंडे या उद्घोषकाने ध्वनिक्षेपकावरून प्रवाशांस सावध करून कित्येकांचे प्राण वाचविले. कॅमेऱ्याविना दिलेली ती त्या रात्रीची सर्वांत उपयोगी बातमी म्हणावी लागेल.

याहून गंभीर प्रश्न निराळाच आहे. २८ तारखेस नरिमन हाउसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून कमांडो उतरले, ते घरोघर थेट दिसले. श्वास रोखून पाहणाऱ्यांत सीमेपलीकडील सूत्रधारही होते, हे ध्वनिमुद्रित संभाषणांवरून पुढे उघड झाले. कसाबच्या अपिलावरील २०१२ च्या निकालपत्रात सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांवर कठोर ताशेरे ओढले. २०१५ मध्ये नियम झाला, की दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना थेट प्रक्षेपण करू नये. नियुक्त अधिकारी वेळोवेळी देईल तेवढीच माहिती द्यावी.

हा नियम आम्हांस मान्य आहे. मात्र त्याचा आधार घेऊन २०१६ साली पठाणकोटच्या वार्तांकनाबद्दल एनडीटीव्ही इंडिया ही एकच वाहिनी दिवसभर बंद ठेवण्याचा हुकूम निघाला, तेव्हा सरकारच्या हेतूविषयी शंका घेणाऱ्यांस दोष देता येत नव्हता. त्या हुकुमाची अंमलबजावणी सरकारने स्वतःच लांबणीवर टाकली.

आणि आता प्रेक्षकाचा संशय आणखी वेगळ्या बाजूस वळला आहे. एप्रिल २०२५ मध्ये पहलगाम येथे २६ जणांची हत्या झाल्यावर लष्करी हालचाली थेट दाखवू नयेत, अशी सूचना सरकारने वाहिन्यांना दिली. पुढच्याच महिन्यात, संघर्षाच्या ऐन रात्री, काही वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचे छातीठोकपणे सांगितले. ते खोटे होते. खरे दृश्य दाखविण्यास मनाई करणारा नियम या काल्पनिक विजयास लागू पडत नाही. दुसऱ्या दिवशी बातम्या लावून बसलेल्या प्रतापनगरातील निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्याने कशावर विश्वास ठेवावा, हे वाहिन्यांनी आणि नियुक्त अधिकाऱ्यांनी सांगावे.