इंग्रजीची कुबडी सुटली तेव्हा

परदेशी भाषा शिकायची तर तिच्या देशात जाऊन राहावे, असे सगळेच सांगतात. आपल्याकडचे जर्मनचे विद्यार्थी उन्हाळी वर्गांसाठी तिकडे जातात. 'डाड' ही तिथली शैक्षणिक विनिमय संस्था त्यासाठी शिष्यवृत्त्याही देते. चार आठवड्यांत फाडफाड बोलता येऊ लागते, ही समजूत मात्र खरी नाही. खरा लाभ निराळाच असतो आणि मराठी विद्यार्थ्याला तो जरा जास्तच मिळतो.

मी गेले होते फ्रायबुर्गला. श्वार्त्सवाल्डच्या, म्हणजे 'काळ्या जंगला'च्या कुशीतले हे शहर. विद्यापीठ १४५७ सालचे. जुन्या गावात रस्त्यांच्या कडेने पाण्याचे अरुंद पाट खळाळतात. त्यात चुकून पाय पडला तर फ्रायबुर्गकराशी लग्न होते म्हणतात! आमच्या वर्गात कोरियन, इटालियन, ब्राझिलियन, अमेरिकन मुले होती. नियम एकच : जर्मनखेरीज दुसरी भाषा नाही. पुण्यात आम्ही जर्मन शिकलो ते इंग्रजीतून. व्याकरण इंग्रजीत, शब्दार्थही इंग्रजीत. ती कुबडी काढून घेतल्यावर पहिला आठवडा जवळजवळ मुक्यानेच गेला.

दुसऱ्या आठवड्यात आकडे निघाले. जर्मनमध्ये २३ म्हणजे 'तीन आणि वीस'. शेजारचा अमेरिकन मुलगा दरवेळी ३२ लिहून बसे. मला अडचण नव्हती. आपल्या 'तेवीस'मध्येही तीन आधी, वीस नंतर!

मग एकेक उलगडत गेले. डेर, डी, डास ही तीन लिंगे इंग्रजी भाषकांना छळतात. मार्क ट्वेनने १८८० मध्ये त्यांची यथेच्छ टिंगल केली. आपल्याला तो, ती, ते नवे नाहीत. जर्मन 'मेडशेन' म्हणजे मुलगी नपुंसकलिंगी, याचे जगाला हसू येते. पण गोव्यातले 'चेडूं'ही नपुंसकलिंगीच. 'मला ठाऊक आहे, की तो उद्या येतो' हे वाक्य जर्मनमध्ये करताना 'की'पुढचा शब्दक्रम बदलावा लागत नाही. क्रियापद तिथेही शेवटी. 'तू' आणि 'तुम्ही'चा भेद आहेच, आणि देवाला तिकडेही 'तू'च म्हणतात.

सगळेच जुळते असे नाही. तिकडचा सूर्य स्त्रीलिंगी! बाजारात भाजीवाल्या बायका आपापसात तिथली बोली बोलू लागल्या, की पुस्तकी जर्मन थिटे पडे. पुस्तकी मराठी घेऊन मालवणच्या बाजारात उभे राहावे, तसे. पण ही तुलना मनात आली, ती मराठीमुळेच.

इंग्रजी बाजूला झाली, तेव्हा मदतीला धावली ती घरची भाषा. प्रश्न आहे तो पुढच्या मुलांचा. 'तेवीस' म्हटले की 'म्हणजे ट्वेंटी थ्री ना?' असे विचारणारी मुले आज घरोघरी आहेत. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस तीन' अशी वाचनपद्धत आली, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला. जोडाक्षरे मुलांना जड जातात, हा तिच्या बाजूचा मुद्दा होता. तो खोटा नाही. पण ज्याच्या कानावर 'तेवीस' पडलेच नाही, त्याला फ्रायबुर्गच्या वर्गात त्या अमेरिकन मुलाशेजारीच बसावे लागेल. निदान आपल्याकडच्या जर्मनच्या वर्गांत फळ्यावर एखादे मराठी वाक्य लिहायला काय हरकत आहे?